बाळंतविड्यासाठी जाळीचे दुपटे : घरपोच आलेल्या एका विणकाम-संचाचे परीक्षण

माझ्या भाचीला मार्चच्या मध्यावर मुलगी झाली. जन्माआधी बाळासाठी काही आणून ठेवायचे नाही, हा आमच्या घरचा नियम असल्यामुळे निरोप आला त्याच रात्री मी लेस ब्लँकेटचा एक तयार संच ऑनलाइन मागवला. बारसे गाठणे अशक्यच होते. सव्वा महिना पूर्ण होऊन मायलेकी आमच्या सोलापूरच्या सिद्धरामेश्वराच्या दर्शनाला बाहेर पडतील तेव्हा बाळ या दुपट्यात असावे, एवढीच इच्छा होती. त्या दिवशी बाळ त्यात होते. तरीही या संचाबद्दल सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण त्यातील निम्म्या वस्तू कामाच्या नव्हत्या आणि जी गोष्ट मला सुरुवातीला फसवणूक वाटली तीच शेवटी या भेटीचा खरा आधार ठरली. विक्रेत्याचे नाव मी देत नाही. अशाच स्वरूपाचे संच थोड्याफार फरकाने अनेक जण विकतात आणि माझे म्हणणे त्या सर्वांना सारखेच लागू पडेल.

संच १,९५० रुपयांना पडला आणि पाचव्या दिवशी घरी आला. खोक्यात धाग्याचे शंभर-शंभर ग्रॅमचे चार गुंडे, चार मिलिमीटर जाडीची गोल सुई (दोन टोके लवचिक तारेने जोडलेली), एक छापील पुस्तिका, एकमेकांत अडकवता येणाऱ्या फोमच्या नऊ चटया, चार लवचिक तारा आणि टी-आकाराच्या चाळीस पिना होत्या. चटया, तारा आणि पिना विणलेले ताणून वाळवण्यासाठी. रंग मी मोतिया निवडला होता. खोके सुबक होते. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

सोलापुरात बाळासाठी जाळीदार पांघरूण कशाला, हा प्रश्न मला पहिल्याच दिवशी विचारला गेला. शेजारच्या अक्का, ज्यांच्या घरी दोन पिढ्या टॉवेलच्या मागावर काम चालले, त्या पुस्तिकेवरचे चित्र पाहून म्हणाल्या, “काय ओ ताई, बाळाला जाळीत गुंडाळणार व्हय?” त्यांची शंका रास्त होती. आपल्या गावात पांघरूण म्हटले की चादर. ती भरीव, वजनदार असते आणि एका पिढीत फाटत नाही. परंतु एप्रिलमध्ये पारा चाळिशीच्या पुढे गेलेला असताना तान्ह्या बाळाला चादर सोसवत नाही. कूलरच्या झोतात उघडेही ठेवता येत नाही. म्हणूनच जुन्या बायका धोतराचे किंवा विटलेल्या सुती पातळाचे दुपटे करत. शेकडो वेळा धुतलेले ते कापड मऊ असते आणि त्यातून वारा खेळतो. जाळीची वीण नेमके हेच काम करते. भोकांमधून हवा जाते आणि तरीही अंगावर एक पातळ थर राहतो. त्यामुळे कल्पनेत चूक नव्हती. धागा कोणता, यावर सगळे अवलंबून होते.

गुंड्यांवरच्या पट्टीवर मोठ्या अक्षरांत ‘बेबी कॉटन’ असे छापले होते. धागा हाताला गार आणि मऊ लागला, पीळ सैल होता, आणि मी तो शंभर टक्के सुती समजून बसले. नमुन्याचा तुकडा विणताना मात्र तो सुतापेक्षा जरा अधिक लवचिक वाटू लागला, म्हणून त्याचे बोटभर टोक चिमट्यात धरून पेटवून पाहिले. सूत कागदासारखे जळते आणि मागे भुरभुरीत राख राहते, लोकरीला केस जळल्याचा वास येतो, आणि अ‍ॅक्रिलिक वितळून त्याचा टणक मणी होतो. माझ्या चिमट्यात थोडी राख होती आणि तिला चिकटलेला एक काळा मणी होता. मग चष्मा लावून पट्टीची मागची बाजू वाचली. अगदी बारीक अक्षरांत पन्नास टक्के कापूस आणि पन्नास टक्के अ‍ॅक्रिलिक असे लिहिलेले होते. विक्रेत्याने तसे काही लपवले नव्हते. परंतु पुढच्या बाजूला ‘कॉटन’ आणि मागच्या बाजूला त्याचा निम्मा भाग अ‍ॅक्रिलिक, ही रीत मला तरी सरळ वाटत नाही. त्या दिवशी मी संच परत करण्याच्या विचारात होते.

आता विणीबद्दल. पुस्तिकेतील नमुना म्हणजे इंग्रजीत ‘फेदर अँड फॅन’ या नावाने ओळखली जाणारी लाटांची वीण. स्कॉटलंडच्या उत्तरेला असलेल्या शेटलंड बेटांवर याच घराण्यातील ‘ओल्ड शेल’ नावाची वीण पिढ्यान्‌पिढ्या विणली जाते. त्याच बेटांवरच्या स्त्रिया इतक्या तलम लोकरीच्या शाली विणत, की अख्खी शाल लग्नाच्या अंगठीतून ओढून काढता येई. आपल्याला एवढ्या टोकाला जायचे नाही. ही वीण नवख्या हातालाही जमते, कारण चार ओळींपैकी तीन साध्या आहेत: पहिली सुलट, दुसरी उलट, चौथी पुन्हा सुलट. सगळी करामत तिसऱ्या ओळीत आहे. अठरा टाक्यांच्या प्रत्येक गटात आधी दोन-दोन टाके तीन वेळा एकत्र विणायचे, मग दोरा घेऊन एक सुलट असे सहा वेळा करायचे, आणि पुन्हा दोन-दोन टाके तीन वेळा एकत्र. सहा टाके कमी होतात आणि दोरा घेतल्याने पडलेल्या सहा जाळ्या ती उणीव भरून काढतात, त्यामुळे टाक्यांची संख्या कायम राहते. एका ठिकाणी टाके आवळले जातात आणि दुसऱ्या ठिकाणी फाकतात. कापडात लाट उठते ती यामुळेच.

पुस्तिकेत हीच ओळ चुकीची छापली आहे. चौकटींचा आलेख बरोबर आहे. शब्दांत दिलेल्या सूचनेत मात्र गटाच्या अखेरीस येणारे दोन-दोन टाक्यांचे तीन जोड गळाले आहेत. मी एकूण १९० टाके घातले होते, म्हणजे अठराचे दहा गट आणि दोन्ही काठांना पाच-पाच टाके. शब्दांवर विसंबून तिसरी ओळ विणली, तेव्हा गट अठराचा न राहता बारा टाक्यांचा झाला, प्रत्येक गटात तीन टाके वाढले आणि ओळ संपता संपता सुईवर २३५ टाके झाले. उसवताना मी जे बोलले ते येथे लिहिण्यासारखे नाही. ज्यांना आलेख वाचता येतो त्यांचे फारसे नुकसान होणार नाही. परंतु हा संच ‘प्रथमच विणणाऱ्यांसाठी’ म्हणून विकला जातो आणि अशा व्यक्तीचा हात पहिल्याच संध्याकाळी या चुकीवर अडकेल. पुस्तिका इंग्रजीत आणि हिंदीत आहे आणि चूक दोन्हीकडे सारखीच आहे. एकाचे भाषांतर दुसऱ्याने केले आणि विणून कोणीच पाहिले नाही, हे उघड आहे.

सुईबद्दल मात्र माझी तक्रार नाही. लाकडाची, टोके नेमकी घडवलेली, तारेचा जोड गुळगुळीत. एकशे नव्वद टाके सरळ सुयांवर कोंबून बसतात आणि त्यांचे वजन मनगटावर येते. गोल सुईवर ते मांडीवर विसावतात. नवी पेठेतल्या दुकानात सुई मागताना आपण अजूनही जुन्या इंग्रजी क्रमांकानेच मागतो. त्या हिशेबाने ही आठ नंबरची सुई होते आणि त्या पद्धतीत नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, हे लक्षात ठेवावे लागते. संचातली सुई हरवली आणि दुकानातून ‘चार नंबर’ मागितली, तर हातात भलतीच जाड सुई पडेल.

धागा सैल पिळाचा असल्यामुळे सुईचे टोक पदरांच्या मधून घुसते आणि टाका अर्धवट उचलला जातो. दोन टाके एकत्र विणताना हे विशेष जाणवते. रात्रीच्या दिव्यात तर हमखास होते. मी दर वीस ओळींनी सगळ्या टाक्यांमधून एक पातळ, वेगळ्या रंगाचा शिवणदोरा ओवून ठेवत होते, म्हणजे पुढे चूक निघाली तर त्या दोऱ्यापर्यंतच उसवायचे. जाळीचे काम उसवले की टाके कुठल्या कुठे धावतात आणि हा आधाराचा दोरा नसेल तर ते पुन्हा सुईवर घेणे जवळजवळ अशक्य असते. पुस्तिकेत याचा उल्लेखही नाही. दोनदा मला त्या दोऱ्यापर्यंत मागे जावे लागले.

धाग्याचे माप हा वेगळाच विषय आहे. एका गुंड्यात सुमारे दोनशे मीटर धागा, म्हणजे चार गुंड्यांत आठशे मीटर. माझ्या हिशेबाने संपूर्ण दुपट्यात साधारण अडीचशे ओळी आणि सत्तेचाळीस हजारांहून अधिक टाके होतात, आणि त्यांना साडेसातशे मीटरच्या आसपास धागा लागतो. नमुन्याच्या तुकड्याला वीसेक मीटर गेला. टाके बंद केले तेव्हा माझ्याकडे तीन हातभर धागा उरला होता. नशीब म्हणायचे. हात थोडा सैल असता तर शेवटची लाट अपुरी राहिली असती. वेगळ्या घाण्यात रंगवलेला मोतिया कधीच जुळत नाही, हे रंगाचे काम पाहिलेल्या गावाला सांगायला नको. विक्रेत्याने पाचवा गुंडा द्यायला हवा होता. नमुन्याचा तुकडा विणा, धुवा आणि मगच टाके मोजा असा उपदेश पुस्तिका ठळक अक्षरांत करते, पण त्या तुकड्यासाठी धागा द्यायला मात्र विसरते.

टाके बंद करण्याच्या पद्धतीवरही पुस्तिका गप्प आहे. नेहमीच्या पद्धतीने, एका टाक्यावरून दुसरा टाका उचलून बंद केले की काठ आवळतो आणि लाटांचे शेंडे उघडतच नाहीत. मला एकशे नव्वद टाके पुन्हा उसवून, दोन टाके मागच्या बाजूने एकत्र विणायचे आणि तयार झालेला टाका परत डाव्या सुईवर घ्यायचा, या सैल पद्धतीने बंद करावे लागले.

रोज दीड तास याप्रमाणे विणायला तीस दिवस लागले. सुईवरून उतरलेले दुपटे ८२ सेंटिमीटर रुंद आणि ८० सेंटिमीटर लांब भरले आणि खरे सांगायचे तर चुरगळलेल्या फडक्यासारखे दिसत होते. प्रत्येक जाळीच्या कामाचे असेच असते. भोके मिटलेली असतात, लाटा गोळा झालेल्या असतात आणि चार आठवड्यांचे कष्ट वाया गेल्यासारखे वाटतात. ते भिजवून, ताणून, टाचून वाळवल्यावरच विणीचा आकार उघडतो. यालाच ब्लॉकिंग म्हणतात आणि या संचाच्या किमतीतला मोठा भाग त्याच साहित्यासाठी आकारलेला आहे. त्यामुळे परीक्षणाचा मुख्य मुद्दा येथे सुरू होतो.

नऊ चटया, प्रत्येक तीस सेंटिमीटरची. तीन गुणिले तीन मांडल्या की नव्वद सेंटिमीटरचा चौरस होतो. पुस्तिकेनुसार दुपट्याचे तयार माप पंच्याण्णव सेंटिमीटर. म्हणजे संचातील ब्लँकेट संचातील चटईवर मावत नाही. तारांची लांबीही नव्वद सेंटिमीटरच. सरळ काठांना दोन-दोन तारा एकमेकींवर सरकवून ओवल्या तर त्या पुरतात, पण चटईचे काय करायचे? हा संच जुळवणाऱ्याने स्वतः एकदाही हे दुपटे ताणून वाळवलेले नाही, असे मी खात्रीने म्हणू शकते.

चटया बाजूला ठेवल्या आणि घरात जे होते ते काढले. सोलापुरी टॉवेल आणि सोलापुरी चादर या दोघांनाही भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, पण विणकामाच्या या टप्प्यावर त्यांचा इतका उपयोग होतो हे मला यापूर्वी कोणी सांगितले नव्हते. नळाला पाणी येण्याच्या दिवशी दुपटे कोमट पाण्यात, किंचित रिठ्याच्या फेसात, अर्धा तास भिजवले. पाणी निथळल्यावर पिळायचे नसते, कारण पिळल्याने टाके वेडेवाकडे ओढले जातात. मोठ्या टर्किश टॉवेलवर ते पसरून टॉवेलची गुंडाळी केली आणि तिच्यावर चक्क उभी राहिले. टॉवेलवरच्या सुती फाशांनी एका मिनिटात पाणी शोषून घेतले. मग दिवाणावरच्या गादीवर जुनी, रंग जाण्याचे थांबलेली चादर ताणून अंथरली, तिच्यावर मलमलीचे पांढरे धोतर टाकले आणि त्यावर दुपटे मांडले. धोतरातून चादरीचे पट्टे अंधुक दिसत होते. मागावर ताणलेल्या ताण्याइतके सरळ पट्टे कोणत्या छापील चटईवर मिळणार? दुपट्याचे दोन्ही सरळ काठ त्या पट्ट्यांना जुळवून तारा ओवल्या आणि दहा लाटांच्या दहा शेंड्यांना वर-खाली एकेक पिन टोचली.

पुस्तिका म्हणते, चोवीस तास वाळू द्या. ही सूचना सिमल्याला ठीक असेल. आमच्याकडे एप्रिलच्या दुपारी, पंख्याखाली, मी चौथ्या कोपऱ्यापर्यंत पोहोचेपर्यंत पहिला कोपरा वाळू लागला होता. वाळलेला भाग पुढे ताणला जात नाही, त्यामुळे पाण्याची फवारणी करणारी बाटली जवळ ठेवून अधूनमधून शिंपडत राहावे लागले. सोलापूरच्या उन्हाळ्यात हे काम पहाटे करावे किंवा दोघींनी मिळून करावे, असे माझे मत झाले आहे. तीन तासांत सगळे कोरडे झाले. उन्हात वाळवण्याचा मोह टाळला, कारण कडक उन्हात रंग उडू शकतो.

पिना काढल्या आणि दोन धक्के बसले.

पहिला धक्का म्हणजे सात ठिकाणी गंजाचे तांबूस ठिपके उमटले होते. पिनांना ‘रस्टप्रूफ’ म्हटले होते आणि त्या ओल्या कापडात अवघे तीन तास होत्या. लिंबाचा रस आणि मीठ लावून, तेवढ्याच भागावर काही मिनिटे सकाळचे ऊन दाखवून मी ते ठिपके काढले. सहा पूर्ण गेले, सातवा काठाजवळ आहे आणि तो कुठे आहे हे माझ्याशिवाय कोणाला कळत नाही. विक्रेत्याला छायाचित्रे पाठवली तेव्हा बाराव्या दिवशी पिनांचे पैसे परत आले. दुपट्याबद्दल त्यांनी काही म्हटले नाही. स्टेनलेस स्टीलच्या पिना वेगळ्या मिळतात आणि त्या घेण्यात काटकसर करू नये.

दुसरा धक्का अधिक शिकवून गेला. पंच्याण्णव सेंटिमीटरवर टाचलेले दुपटे रात्रभर मोकळे ठेवल्यावर सकाळी एकोणनव्वद भरले. लाटा अर्ध्या मिटल्या होत्या. कारण धाग्यातच होते. लोकर भिजली की तिच्या तंतूंमधले काही बंध सुटतात आणि वाळताना ताणलेल्या अवस्थेत पुन्हा जुळतात, म्हणून पाण्याने केलेले ब्लॉकिंग लोकरीवर टिकते, निदान पुढच्या धुण्यापर्यंत. सूतही वाळेपर्यंत दिलेला आकार बऱ्यापैकी धरते, पण त्याच्यात लोकरीची लवचिकता नसते आणि प्रत्येक धुण्याला ते सैलावते. अ‍ॅक्रिलिकवर मात्र पाण्याचा परिणाम जवळजवळ होत नाही. त्याला आकार द्यायचा तर उष्णता लागते. माझ्या धाग्यातला सुती अर्धा भाग ताणलेला राहायला तयार होता आणि अ‍ॅक्रिलिकचा अर्धा भाग त्याला मागे खेचत होता. ‘कॉटन’ या एका शब्दावर विसंबणाऱ्या कोणाच्याही बाबतीत हेच होणार आणि दोष आपल्याच हाताचा आहे असे तिला वाटत राहणार.

अक्कांनी उपाय सुचवला. “पातळाला देता तशी थोडी खळ द्या की.” घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात, मागावरच्या ताण्याला कांजी देतात, तेव्हा त्यांचा विचार त्यांच्या अनुभवातूनच आला होता. परंतु बाळाच्या गालाला लागणाऱ्या वस्त्राला खळ देणे मला पटले नाही. शिवाय पहिल्या धुण्याला ती निघून गेलीच असती.

मी वाफेचा मार्ग धरला. आधी नमुन्याच्या तुकड्यावर, कारण वाफ जास्त झाली तर अ‍ॅक्रिलिक वितळल्यासारखे मऊ, लिबलिबीत आणि चकचकीत होते आणि ते नुकसान परत भरून येत नाही. तुकड्यावर समाधान झाल्यावर दुपटे पुन्हा ओले करून, या वेळी घरातल्या स्टेनलेस पिनांनी टाचले. वाळल्यावर त्यावर ओलसर मलमल पसरून वाफेची इस्त्री कापडापासून दोन बोटे उंच धरून फिरवली. इस्त्री कापडाला एकदाही टेकवली नाही. पूर्ण गार होईपर्यंत पिना तशाच ठेवल्या. दुसऱ्या दिवशी माप चौऱ्याण्णव सेंटिमीटर. लाटा उघड्या, भोके स्पष्ट आणि हाताला मऊपणा कायम. पुस्तिकेत वाफेबद्दल एक ओळही नाही, ही या संचातली माझ्या मते सर्वांत मोठी उणीव आहे, कारण पुरवलेल्या धाग्याला लागणारी पद्धत एक आणि शिकवलेली पद्धत दुसरीच आहे.

येथे मला माझे सुरुवातीचे मत बदलावे लागले. काही वर्षांपूर्वी मी एका नातलगाच्या बाळासाठी शुद्ध मेरिनो लोकरीची जाळीदार शाल विणली होती. ताणून वाळवल्यावर ती इतकी सुंदर दिसत होती, की देताना जिवावर आले. दोन महिन्यांनी ती धुलाई यंत्रातून निघाली तेव्हा आटून, दाटून तिची वीतभर घोंगडी झाली होती. त्या घरच्या सुनेची यात काहीही चूक नव्हती. दिवसाला आठ लंगोट आणि चार झबली धुणाऱ्या आईने एक वस्त्र वेगळे काढून, कोमट पाण्यात भिजवून, टाचून वाळवावे, ही अपेक्षाच चुकीची होती. भेट दिलेल्या वस्तूचे आयुष्य दुसऱ्याच्या घरच्या धुण्यात जाते. शुद्ध सुती धागा धुण्याला टिकला असता, पण प्रत्येक धुण्यानंतर लाटा मिटल्या असत्या. या मिश्र धाग्यातले अ‍ॅक्रिलिक वाफेने एकदा बसवलेला आकार धरून ठेवते आणि सुताचा भाग घाम शोषून घेतो. ज्या अर्ध्या भागावर मी चिडले होते त्याच्यामुळेच दुपटे दुपटे राहिले आहे. तरीही ते पट्टीच्या पुढच्या बाजूला स्पष्ट छापायला हवे होते, हे माझे म्हणणे कायम आहे.

देण्यापूर्वी मी दुपटे तीनदा धुतले. नवे कोरे वस्त्र बाळाला घालू नये, हे आजीचे म्हणणे होते आणि कोऱ्या धाग्यावर राहिलेली रसायने धुऊन जावीत, हे माझे. धाग्याची टोके काठाच्या भरीव पट्टीत लांबवर ओवून मुरवली, जाळीच्या भागात एकही ठेवले नाही. हा केवळ नीटनेटकेपणाचा प्रश्न नाही. सुटलेला दोरा तान्ह्या बाळाच्या बोटाभोवती गुरफटून रक्तपुरवठा अडवू शकतो. त्याच कारणासाठी भोके लहान असलेली वीण निवडावी आणि दुपटे पांघरल्यावर बोटे अडकलेली नाहीत ना, हे पाहत राहावे. शिवाय अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना पहिल्या वर्षात झोपलेल्या बाळाजवळ कोणतेही सुटे पांघरूण ठेवू नये असे सांगते. भाचीला मी हे दुपटे देताना तसे स्पष्ट सांगितले: कडेवर असताना, मांडीवर असताना, देवळात नेताना वापर, पाळण्यात नको. संचाच्या खोक्यावर मात्र पाळण्यात झोपलेल्या बाळाचेच चित्र आहे. ते विक्रेत्याने बदलावे, असे मी त्यांना लिहिले आहे. उत्तर आलेले नाही.

सव्वा महिना झाल्यावर सिद्धेश्वर मंदिरात, तलावावरून येणाऱ्या वाऱ्यात, बाळ त्या दुपट्यात स्वस्थ झोपले होते. फुलांच्या दुकानातल्या बाईंनी हे क्रोशाचे काम आहे का, असे विचारले. क्रोशा नव्हे, सुयांवरचे, असे सांगितल्यावर त्यांनी काठ उलटून पाहिला आणि मान डोलावली. त्या सातव्या ठिपक्यावर त्यांचा अंगठा होता.

आता किमतीचा हिशेब. तसाच मिश्र धागा नवी पेठेत पाच गुंडे घेतला आणि चांगली गोल सुई वेगळी घेतली तरी माझ्या चौकशीनुसार साधारण बाराशे रुपयांत काम होते. उरलेले साडेसातशे रुपये संचात चटया, पिना, तारा आणि पुस्तिका यांच्यासाठी जातात. पैकी चटया लहान, पिना गंजणाऱ्या आणि पुस्तिका चुकीची. तारा तेवढ्या उत्तम आहेत, पण साडेसातशे रुपयांच्या नाहीत. ज्या गावात दुकान नाही तेथे हा संच एकवेळ घ्यावा. सोलापुरात राहणाऱ्याने घेऊ नये, कारण ब्लॉकिंगला लागणारे सगळे साहित्य आपल्या कपाटात आधीच घडी करून ठेवलेले असते. विणीची कृती वर दिलीच आहे.

पाच महिन्यांनंतर मागच्या आठवड्यात भाचीकडे गेले होते. दुपटे आठवड्यातून दोनदा धुलाई यंत्रात जाते, दोरीवर वाळते आणि त्याला इस्त्री कधीच होत नाही. मी पर्समधली टेप काढून मोजले, तेव्हा ते ब्याण्णव सेंटिमीटर भरले. भाचीने विचारले, “मावशी, काय मोजतेस?” लाटांचे शेंडे थोडे बोथट झाले आहेत, एका कोपऱ्यात डाळ-भाताच्या पाण्याचा डाग आहे आणि बाळ त्याचा काठ चोखते. मुरवलेली टोके एकही सुटलेली नाहीत.